लधी म्हणजे सापडलेली

कोळवण, ता. मुळशी
१६ मे २०२२

सेण मंघनमल खेमाणी यांस,

तुमचाच शब्द वापरला आहे, रागावू नका. साखरपुड्याला तुम्ही आमच्या दारात उतरलात आणि भर मांडवात मला मिठी मारून "मुंहिंजा सेण!" म्हणालात, तेव्हा आमची सगळी भावकी गार पडली होती. आमच्या थोरल्या चुलत्यांनी तर उघड विचारलं, "जयसिंगा, ह्यो तुला शेण म्हनला का रं?" सिंधीत व्याह्याला सेण म्हणतात हे तुम्ही समजावून सांगेपर्यंत अर्धं गाव हसून लोळलं होतं. पुढं वर्षभर मला कोळवणात शेण म्हणत होते. तुमच्यापायी एवढं सोसलंय, तेव्हा तुम्हाला पत्र लिहायचा हक्क माझा राहिलाच. कोर्टानं माझ्या शुभांगीचं आणि तुमच्या हरेशचं नातं मोडलं. आपलं मोडल्याचा कागद मला तरी अजून आलेला नाही.

फोन करत नाही, कारण तुमच्या कानांनी संप केलाय. मागच्या वेळी मी इकडून ओरडत होतो आणि तुम्ही तिकडून "कौन? कौन बोलता?" करत होता. तेवढ्यात शुभांगीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. तिनं घरात सांगून ठेवलंय, पिंपरीशी आता काही संबंध नाही. म्हणून हे पत्र. तुम्ही पिंपरीच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी शिकलात, त्याचा आज उपयोग झाला. उत्तर मात्र घरी पाठवू नका. इथल्या पोस्टात राजू आहे, त्याच्या नावे पाठवा, तो मला गुपचूप देईल. म्हातारपणी चोरून पत्रं लिहायची वेळ आली. तरुणपणी आली असती तर काही मजा तरी होती.

नात खुशाल आहे. अडीच वर्षांची आहे पण तोंड चालवते पाटलिणीसारखं. तुमच्या घरच्या दालपकवानाची आठवण काढते. आमच्या मंडळींनी, साळूबाईनं, करून बघितलं, तर नातीनं ते कोंबड्यांना घातलं.

कोर्टाच्या जिन्यावर तुम्ही माझा हात धरलात आणि एवढंच म्हणालात, "सेण, नाम संभालना." मी तेव्हा नुसती मान हलवली. आता लिहून देतो. लधी हे नाव मी सांभाळतो. शुभांगीची दोन बाळं पोटातच गेली, मग ही आली. तिच्या बारशाला तुम्ही तुमच्या वडिलांचं नाव सांगितलंत, लधाराम, म्हणजे देवाकडून सापडलेला. त्याचं लधी केलंत. आमचे लोक नाकं मुरडत होते, पण मी म्हटलं, अरे कीर्तनात ऐकत नाही का, 'लाधला', 'लाधली'? लाधणं म्हणजे मिळणं, गवसणं. शब्द आपलाच आहे, फक्त सिंधमधून जाऊन आलाय. त्या दिवशी पंगतीत बसून आपण किती नावं सोलली! तुमचे थोरले चुलते जेठानंद, म्हणजे थोरले. धाकटे वाधूमल, म्हणजे वाढीव. तुम्ही मंघनमल, मागून आणलेले, कारण आधीची भावंडं जगली नव्हती आणि तुमच्या आईनं शेजारपाजारच्या घरांतून चिंध्या मागून तुम्हाला झबलं शिवलं. मी सांगितलं, आमचे आजोबा भिकोबा ते ह्याच कारणानं. तुम्ही भिकोबा आणि मंघनमल अशी नावं पुन्हा पुन्हा म्हणून हसलात, आणि हसता हसता डोळे पुसलेत. मला त्या दिवशी वाटलं, हा माणूस मला फार उशिरा भेटला.

असो. काळजी करू नका. मी आहे.

तुमचा सेण,
जयसिंग कानगुडे


कोळवण
२ सप्टेंबर २०२२

सेण मंघनमल,

तुमचं पत्र राजूनं भाताच्या बांधावर आणून दिलं. अक्षर सुंदर आहे, पण इकार-उकार सगळे उपाशी मेलेत. आजोबांचं पत्र म्हणून लधीला वाचून दाखवलं. "डाडो, डाडो" करत कागद तोंडाला लावला आणि एक कोपरा खाल्ला.

ती आता पिरंगुटच्या नर्सरीत जाते. शुभांगी लवळ्याच्या कॉलेजात ऑफिसला जाते, तीच स्कूटरवरून सोडते, आणि परत यायला व्हॅन आहे. त्या व्हॅनमध्ये एक भानगड झाली, ती तुमच्यापासून लपवून काय करू? बाईंनी हजेरीत नाव इंग्रजीत लिहिलं. कुणी ते लाडी वाचलं, कुणी लढी. व्हॅनमधली मोठी पोरं लादी म्हणायला लागली. "लादी पुसा, लादी पुसा." पुढं त्याचं लादीपाव झालं. आपली लधी घरी आली ती उड्या मारत, "मी लादीपाव! मी लादीपाव!" तिला वाटलं, कायतरी खाऊ आहे. ती हसत होती आणि शुभांगी मोरीत जाऊन रडत होती.

मी दुसऱ्या दिवशी व्हॅनवाल्याला गाठून झापला. तो म्हणाला, "आबा, आमी कुनाचं त्वांड धरायचं? नाव जरा सोपं ठिवायचं व्हतं." मी म्हटलं, तुझं नाव काय? म्हणाला, इंद्रजित. मी म्हटलं, देवांच्या राजाला जिंकणारा आणि व्हॅन चालवतो, ते बरं चालतं रे तुला! त्यानं गाडी चालू केली. भांडण जिंकल्यासारखं वाटलं, पण घरी येऊन बघतो तर शुभांगीचं भलतंच चाललेलं.

नाव बदलायचं बोलते आहे. मी म्हणतो, पोरं महिनाभर चिडवतील आणि विसरतील. साळूबाईचं वेगळंच. ती नातीला पहिल्यापासून 'बाय' म्हणते, तिला सगळी नावं सारखीच.

भात पोटरीवर आलाय. इंद्रायणी आहे. तुम्हाला नवा तांदूळ कसा पाठवता येईल, ते बघतो.

तुमचा सेण,
जयसिंग


कोळवण
२० फेब्रुवारी २०२३

सेण,

वाईट बातमी आधी देतो. नाव बदललं. राजपत्रात छापून आलं. जान्हवी शुभांगी कानगुडे. तुमचं खेमाणी गेलं आणि लधीही गेलं. मी सही अडवायला बघत होतो, पण सही माझी लागतच नव्हती. हरेशची लागत होती, आणि त्यानं दुबईहून लगेच करून पाठवली. एका शब्दानं विचारलं नाही. तुम्हाला त्यानं सांगितलं नसणार, म्हणून मी सांगतोय. बाहेरच्याकडून कळण्यापेक्षा सेणाकडून कळलेलं बरं.

मी भांडलो, हे खरं माना. शुभांगीला म्हटलं, किती चांगला अर्थ आहे, सापडलेली. त्यावर ती जे बोलली ते तसंच लिहितो. "सापडली म्हणे! दोन गेली तेव्हा दवाखान्यात मी पडून होते, बाबा. हिच्या वेळी पूर्ण नऊ महिने अंथरुणावर होते. सापडतात त्या रस्त्यावरच्या वस्तू. ही मला सापडलेली नाही." मी लाधण्याचं सांगायला लागलो, तर म्हणाली, "तुमचं कीर्तन नको."

जान्हवी म्हणजे गंगा, ठीक आहे, वाईट नाही. पण वर्गात आधीच दोन जान्हवी आहेत. बाई हिला 'जान्हवी के' म्हणतात. म्हणजे नावाला शेपूट लावूनच ओळखायचं.

कागदावरचं गेलं ते गेलं. तोंडातलं अजून आपल्या हातात आहे. घरात माझं तोंड कोण बांधणार?

यंदा थंडी लांबली. आमच्या शेजारच्या तुकड्यावर मुंबईच्या कुणी बंगला बांधलाय, 'मातीचे घर' अशी पाटी लावलीय आणि आत सगळा संगमरवर. खोरंभर असल्या पाट्या झाल्यात. 'शांती', 'निवांत', 'विसावा'. शनिवार-रविवारी त्या विसाव्यात गाणी अशी वाजतात की तुम्हालासुद्धा ऐकू येतील. पोरगी खुशाल आहे. दात किडलाय एक, बाकी काही नाही. उंची वाढली. तुमच्यासारखं कपाळ होणार तिचं.

तांदूळ मिळाला का, कळवा.

जयसिंग


कोळवण
१८ डिसेंबर २०२३

सेण,

शेवटी दुकानदार तो दुकानदार. गिऱ्हाईक कापडाला हात न लावता भाव विचारतं, हे तुमच्या डोळ्यातून सुटत नाही. तुम्ही लिहिलंत, "नाव बदलल्यापासूनच्या तुमच्या सगळ्या पत्रांत पोरगी आहे, नात आहे, ती आहे. लधी कुठंच नाही. का?"

पत्र खिशात घेऊन बरेच दिवस हिंडलो. ऐका.

राजपत्र आल्यावरही मी तिला लधीच म्हणत होतो. मुद्दाम, मोठ्यानं. तिची नवी बाई, मेधा नाव तिचं, शुभांगीला म्हणाली की मुलीचा गोंधळ होतोय, कुठल्या नावाला ओ द्यायची कळत नाही तिला, हाक मारली की रडते. त्या संध्याकाळी शुभांगी माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "ह्या घरात ते नाव पुन्हा ऐकलं तर मी बावधनला फ्लॅट भाड्यानं घेईन. मग तुम्ही जत्रेला या भेटायला." ती बोलते ते करते, तुम्ही तिला सात वर्षं सून म्हणून पाहिलीत.

मी साळूबाईकडं बघितलं. तिनं मला आजवर कशात अडवलं नाही. ती म्हणाली, "नाव घिऊन काय चाटायचंय का? पोरगी डोळ्याम्होरं ऱ्हाऊ द्या. नावानं काय पोट भरतंय व्हय!"

मला एकच काहीतरी ठेवायचं होतं, नाव किंवा नात. मी नात ठेवली. तुम्ही काय ठेवलं असतं, हे मला विचारायचं होतं, पण तुमच्यापुढं तोही पर्याय कुणी ठेवला नाही, हे लक्षात आलं आणि लेखणी थांबली.

आता दुसरी गोष्ट. हसाल किंवा शिव्या द्याल. दिवाळीत आमची तांबडी गाय व्याली. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे. गोठ्यात नाळ कापता कापता माझ्या तोंडून निघून गेलं, "आली गं लधी!" मागं शुभांगी गरम पाणी घेऊन उभी होती. मला वाटलं, आता भांडं डोक्यात बसतंय. पण ती हसली, सेण. कोर्टाचं सगळं झाल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना!" आणि पाणी ठेवून गेली. तिनं परवानगी दिली असं मी धरून चाललो.

तेव्हापासून मी रोज अंगणात उभा राहून तुमच्या वडिलांचं नाव घेतो. लधी, पाणी पी. लधी, सरक तिकडं. रस्त्यानं जाणारे येणारे ऐकतात. घरात बसून नातही ऐकते. मी म्हटलं, कानावर पडत राहील, कुठंतरी आत राहून जाईल. वेड्याचा बाजार आहे, मला कळतं. पण माझ्याकडं एवढंच होतं.

जनावराला नाव दिलं म्हणून राग मानू नका. आमच्यात गाईला नाव घरच्या माणसाचंच देतात. माझ्या आईचं नाव केशर, आणि आमच्याकडं तिच्यामागं तीन केशरी होऊन गेल्या.

जयसिंग


कोळवण
१७ मार्च २०२५

सेण,

तुमचं पत्र मिळालं. चेटीचंडच्या सणाला येतो म्हणता. येऊ नका.

रस्ता चांदणी चौकापासून इकडं सगळा खणून ठेवलाय. एसटीचा भरवसा नाही, पौडाहून जीप मिळते ती माणसं कोंबून. ऊन तर आत्ताच असं आहे की डांबर चपलेला चिकटतं. तुमचं गेल्या वर्षी हृदयाचं झालंय. ऐकू न येणाऱ्या माणसानं एकट्यानं एवढ्या गाड्या बदलणं शहाणपणाचं नाही. शिवाय तो दिवस आमचा पाडवा आहे आणि रविवार आहे, म्हणजे शुभांगी घरी.

येताना शेवबर्फी आणतो, नातीला आवडायची, असं लिहिलंत. तिला आता काय आवडतं हे मलाही रोज नव्यानं विचारावं लागतं. सव्वापाच वर्षांची झाली. वाचते. लाजरी आहे. पाहुणे आले की दाराआड जाते. मोबाईलवर तुमचा फोटो दाखवला होता, तर म्हणाली, "हे पोस्टातले आजोबा का?" राजू पत्रं आणतो, हे तिनं पाहिलंय, तिच्या हिशेबी तुम्ही पोस्टात राहता.

एक गोष्ट लिहू का नको, असं होतंय. ती शाळेतून आली की दप्तर टाकून पहिलं विचारते, "आबा, लधीला पाणी दाखवलं?" कालवडीच्या गळ्यात पडते, तिच्या कानात बोलते, लधी लधी करत गोठाभर हिंडते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बघ, आपलं वेड कामाला आलं, नाव तिच्या तोंडात आलं. आता ऐकलं की मी उठून गोठ्याबाहेर येतो. म्हणून सांगतो, येऊ नका. मी काहीतरी करून तिला पिंपरीला घेऊन येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू.

ह्या वेळी माझं ऐका.

जयसिंग


कोळवण
३ एप्रिल २०२५

सेण,

तुम्ही ऐकलं नाहीत. आलात. आणि घरी जाऊन लगेच पत्र टाकलंत, ते आज मिळालं. "पोरीनं नावाला ओ दिली. हाक मारली तशी धावत आली. रक्त विसरत नाही. आता वकिलाला भेटतो, दर महिन्याला भेटायची परवानगी मागतो." एवढं आनंदाचं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसलो.

त्या दिवशी अंगणात जे बोललं गेलं, त्यातलं तुम्हाला काही ऐकू आलं नाही. वकिलाकडं जाणार नसता, तर मी ते माझ्याबरोबर नेलं असतं. आता लिहावं लागेल.

तुम्ही गुढीजवळ उभे राहिलात. पांढरी सफारी, हातात बर्फीचा डबा. मी गोठ्याच्या दाराशी होतो, तुम्ही मला पाहिलं नव्हतं. तुम्ही हाक मारलीत, "लधी! ओ लधी! डाडो आयो!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, आमच्या खालच्या आळीपर्यंत गेला तो. तुम्ही हाक मारल्याबरोबर आत कालवड हंबरली. वैरणीची वेळ होती तिची. ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

मग पोरगी घरातून धावत आली. तुम्ही काठी टाकलीत आणि दोन्ही हात पसरलेत. ती तुमच्या हाताखालून गोठ्यात गेली. तुम्हाला वाटलं, लाजली. ती बघायला गेली होती की कालवड सुटली का. परत आली आणि मला म्हणाली, "आबा, लधी बांधलेलीच हाय. हे आजोबा तिला कशाला बोलवत्यात?" तुम्ही मला विचारलंत, "क्या बोली? क्या बोली?" मी तुमच्या कानाला तोंड लावून ओरडलो, "शरमा गयी!" ते खोटं होतं.

शुभांगी ओट्यावर आली. तुम्ही तिला रोशनी बेटा म्हणालात. तुमच्या महाराजांनी लग्नात पत्रिका बघून तिला दिलेलं नाव. ती म्हणाली, "रोशनी इथं राहत नाही." तुम्ही हसून मान हलवलीत. ती पुढं बोलली, ते तुमच्याइतकंच मला होतं. "माझं नाव बदललं तेव्हा तुम्ही दोघंही तिथंच होता. ताटातल्या तांदळात अंगठीनं रोशनी लिहिलं आणि बाबा, तुम्ही टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षं शुभांगी होते मी. तेव्हा तुमच्यातल्या एकानंही दुसऱ्याचा हात धरून म्हटलं नाही, की नाव सांभाळा." तुम्ही मान हलवतच होता. "हां बेटा, हां बेटा." तेव्हा तिला कळलं, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. आत जाऊन तिनं तुम्हाला चहा आणला, बशीत ओतून दिला, तुमचं पिऊन होईपर्यंत बशी धरूनही ठेवली. तुमच्या लेखी ती सुनेची माया होती. असेलही. मला माहीत नाही.

टाळ्या मी वाजवल्या होत्या. तुमच्याकडचं जेवण फार चांगलं होतं त्या दिवशी, आणि मला रोशनी हे नाव आवडलं होतं. तिची चूक काढायला मला तोंड नाही.

तेव्हा वकिलाला भेटू नका. कोर्टात मुलीला विचारतात. ह्या नावाच्या कुणाला ओळखतेस का, असं जर कुणी तिला विचारलं, तर ती हसून हो म्हणेल आणि कपाळावरचा पांढरा ठिपका सांगेल. ते ऐकायला तुम्ही तिथं उभे असावं, असं मला वाटत नाही. ऐकू आलं नाही तरी.

बर्फी शुभांगीनं ठेवून घेतली, ते तुम्ही पाहिलंत. संध्याकाळी तिनं ती शेजारच्या नव्या बंगल्यावरच्या गवंड्यांना वाटली. पोरीनं एक तुकडा खाल्ला होता. आवडला का विचारलं तर म्हणाली, तूप जास्त आहे.

जयसिंग


कोळवण
२२ जून २०२५

सेण,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच शब्द. "गाय सांभाळा." खाली सहीही नाही. राजू म्हणाला, कुणाचं आहे आबा? मी म्हटलं, आहे एकाचं.

तुम्ही आल्यावर शुभांगीनं मला एका शब्दानं विचारलं नाही, की त्यांना इथला रस्ता कुणी दाखवला, पत्रं कोण लिहितं. पोस्टात जाऊन राजूशी बोलून आली, एवढं कळलं. त्यानंतर तिचं वागणं घरात आलेल्या पाहुणीसारखं झालं. जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, "बाबा, औषध घ्या," एवढंच. शाळा सुरू व्हायच्या आधी टेम्पो आला. बावधनला गेली. पोरीची शाळाही तिकडंच.

मी टेम्पोपुढं उभा राहिलो. म्हटलं, नाव सोडलं मी, तुझ्या शब्दाखातर सोडलं, अजून काय सोडू? ती म्हणाली, "नाव कुठं सोडलंत बाबा? तुम्ही ते गोठ्यात नेऊन बांधलंत." पोरगी पुढच्या सीटवर बसली होती. कालवडीला टाटा केला. मलाही केला.

पंधरा दिवसांनी साळूबाईही गेली. शुभांगीला कामावर जायचं, पोरीला दुपारी कोण बघणार? मला म्हणाली, "तुमी आपलं करून खाताल. पोरीला करून घालाया कोन न्हाई." खरं आहे. मी भात लावतो, पिठलं ढवळतो, जळलं तर खरवडून कालवडीला घालतो. फोन केला तर शुभांगी उचलते, सगळं ठीक आहे म्हणते, पोरगी क्लासला गेलीय म्हणते. ती फार क्लासला असते.

कालवडीला मी दुसऱ्या नावानं हाक मारून बघितली. म्हटलं, आता ह्या घरात ते नाव कुणासाठी? केशर म्हटलं, तांबडी म्हटलं, चार दिवस सारखा बोलत राहिलो. मान वर करत नाही. जुन्या नावानं हाक मारली की दावं तोडते. पोरीचं बदलायला एक राजपत्र पुरलं. हिला काय दाखवू?

तुम्ही आता लिहिणार नाही, हे कार्डावरून कळलं. मीही तुम्हाला खुशाली काय लिहू, मलाच कळत नाही कुणाची. पोरगी पिंपरीहून माझ्याकडं आली तेव्हा मी तुमच्यापेक्षा एक पायरी वर उभा होतो. तुमची कीव करून पत्रं लिहीत होतो, आता कबूल करायला हरकत नाही. बावधनपासून पिंपरी जवळ, का कोळवण जवळ, हे कालपासून मनात मोजतोय. माझ्या हिशेबी दोन्हीकडून सारखंच लांब आहे. नात तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. आत्ता कुठं आपण बरोबरीचे सेण झालो.

जयसिंग